वेबसाइट बदलू पाहणाऱ्या डॉक्टरांना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,



औंढ्यातल्या आपल्या दवाखान्याची वेबसाइट नव्यानं करायचं चाललंय, असं इथं सिद्धेश्वरला चहाच्या टपरीवर कळलं. पोटात गोळाच आला. हात जोडून सांगतो, तिला हात लावू नका.

वाईट काय आहे तिच्यात? पत्ता जुन्या लेटरहेडवरून उतरवलेला, अजून 'जि. परभणी'. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, पण पेशंटनं ते इतकं मनावर घेऊ नये. मधोमध एक करडी चौकट आहे. तिथं म्हणे फ्लॅशमधलं धडधडणारं हृदय होतं. 2020 संपताना अडोबीनं फ्लॅशचा आधार काढला आणि ते जागीच थांबलं. बंद पडलेलं हृदय पहिल्याच पानावर दाखवायचा प्रामाणिकपणा पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात आहे?

मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला, त्यामुळं मोबाइलवर नुसती कंस-टिंबं उमटतात. पण डॉक्टरांचंच अक्षर असणार, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

नांदेडचा पोरगा नव्या पानावर व्हिडिओ टाकणार आहे म्हणे, आणि हसऱ्या परदेशी डॉक्टरणीचा फोटो. खुशाल टाकू द्या. आमच्या रानात नेटची एकच काडी येते. व्हिडिओ उघडेपर्यंत पूर्णेचं आवर्तन शेवटच्या चारीला पोचलेलं असेल.

भीती आहे ती आमच्या गुरुजींची. ते म्हणतात, फोटो-बिटो काही नको. डॉक्टर आज आहेत का, किती वाजेपर्यंत, सापाची लस शिल्लक आहे का, एवढंच सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा. खाली बोट ठेवताच लागणारा फोन नंबर, आणि रात्री-अपरात्री 108 ला फोन करा, ही एक ओळ. शिवाय दरपत्रक. दर्शनी भागात दर लावा, असं राज्याच्या नर्सिंग होम नियमांत 2021 साली आलंच आहे, मग तेच इथंही टाका म्हणतात.

ऐकू नका त्यांचं. डॉक्टर आहेत की नाहीत हे घरबसल्या कळायला लागलं, तर औंढ्याला फुकटची चक्कर कोण मारणार? आज आमची म्हातारी माणसं गुडघे धरत एसटीनं येतात, आपलं शटर बंद बघतात आणि आलोच आहोत तर म्हणून नागनाथाचं दर्शन घेऊन परततात. गावात ज्योतिर्लिंगाचं जेवढं पुण्य साठलंय, त्यात निम्मा वाटा आपल्या शटरचा आहे. पेरणीच्या दिवसांत कुणाला साप चावला, तर लस आहे की थेट हिंगोलीला न्यायचं, हे मात्र आम्ही अंदाजानं ठरवतो. सवय झाली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पेशंट, मु. पो. सिद्धेश्वर

ता. क. उद्या दवाखाना उघडा आहे का? आपल्या 'संपर्क' पानावरून विचारलं होतं, चक्र अजून फिरतंय. चिठ्ठी दुपारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली तरी चालेल.