वडाळ्यातल्या यॉट

मौजेच्या बोटीवर शेगडी बसवायची झाली, तर अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक प्रोपेनच्या सिलिंडरला जावयासारखं वागवतं. त्याला स्वतंत्र कप्पा, तोही फक्त उघड्या हवेत उघडणारा. कप्प्याच्या तळाला किमान अर्ध्या इंचाची नळी, थेट बोटीबाहेर काढलेली. आणि नळीच्या तोंडापासून २० इंचांच्या आत बोटीत शिरायला एकही फट नको. एवढे लाड कशासाठी? तर प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की पाण्यासारखा तळाशी जातो, आणि बोट म्हणजे खालून बंद असलेलं पातेलं. बाहेरचं पाणी जे आत घेत नाही, ते आतला गॅस तरी बाहेर कसा सोडेल?

वडाळ्यात यॉट कुठल्या, असं विचारणाऱ्याने मिठागरांकडच्या बैठ्या खोल्या बघाव्यात. दर डांबरीकरणाला रस्ता चार बोटं वर येतो, खोली तेवढीच खाली जाते. मग पावसाचं पाणी शिरू नये म्हणून दारात सिमेंटचा गुडघाभर उंबरा घालतात, आणि दहा बाय बाराची होडी तयार होते. आत १४.२ किलोचा लाल सिलिंडर. त्यात प्रोपेनच्या जोडीला ब्यूटेन, म्हणजे हवेच्या दुप्पट जड. तळघरात सिलिंडर नको, हा नियम आपल्याकडेही आहे. पण रस्त्याने जिचं तळघर केलं, ती खोली कागदोपत्री अजून तळमजल्यावरच आहे!

पोटमाळ्याला खिडकी आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, पण गॅसला शिडी चढता येत नाही. वास येईल की! येतो, मर्कॅप्टन त्यासाठीच मिसळतात. मात्र गाढ झोपलेलं नाक ड्युटीवर नसतं, आणि जागं असलं तरी आधी शेजारच्या नाल्याची हजेरी घेतं. सिलिंडर बाहेर ठेवला तर सकाळी दिसेल का, हा आक्षेप मात्र बिनतोड. मग बोटीच्या नळीसारखं उंबऱ्याला जमिनीलगत भोक पाडावं, तर घुशी येतील, पाणी येईल, हा आक्षेपही खरा. पण बोटवाल्यांकडे त्याला जुनं उत्तर आहे: बूच. पावसाचे चार महिने बूच, उरलेले आठ महिने जाळी. जाळी, बूच आणि गवंड्याची मजुरी, तिन्हींचं बिल रस्ता उंच करणाऱ्याच्या नावावर फाडावं.