या, बसा, टर्मिन आहे का?

जर्मनीला माणसं हवी आहेत, ही बातमी आता पुण्यातल्या गल्लीबोळांतल्या झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत पोचली आहे. तिथे म्हातारे वाढताहेत, मुलं कमी होताहेत आणि पेन्शनच्या तिजोरीत भर घालायला हात पुरत नाहीत. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीला येऊन गेले. भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं त्यांच्या सरकारने ठरवलं. त्याआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी करार केला होता. पहिल्या टप्प्यात आपले १०,००० तरुण तिकडे पाठवायचं घाटत होतं.

या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मर्सिडीझचं आणि बॉशचं गाव, म्हणजे चाकणकरांचं एका अर्थी आजोळच. तिथे ‘आउसलेंडरबेहोर्डे’ नावाची कचेरी परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देते. २०२३ च्या सुमारास या कचेरीबाहेर लोक आदल्या रात्रीपासून रांग लावत होते. नोकरी असलेली, कर भरणारी, शिकलीसवरलेली माणसं थंडीत फुटपाथवर. आपल्याकडच्या पालकांना हे दृश्य नवीन नाही, बालवाडीच्या प्रवेशासाठी त्यांनी हेच केलेलं असतं.

यात लबाडी कुणाचीच नाही. घरोघर अक्षता देत फिरणारं खातं वेगळं, मांडवाच्या दारात उभं असलेलं खातं वेगळं, आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. व्हिसा देतं बर्लिनचं परराष्ट्र खातं, स्वतःच्या वकिलातींमार्फत. विमानातून उतरल्यावर पुढची वर्षं राहायचा परवाना देते ज्या त्या शहराची किंवा जिल्ह्याची कचेरी. अशा कचेऱ्या पाचशेहून अधिक आहेत. चॅन्सेलरने दिल्लीत काय शब्द दिला हे त्यांना आपल्यासारखंच वर्तमानपत्रातून कळतं. व्हिसा वाढवायची घोषणा झाली, पण खिडकीतली माणसं वाढवायची घोषणा करायला कुठला चॅन्सेलर कुठल्या देशात गेल्याचं ऐकिवात नाही.

परवान्याआधी आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. घरमालक सहीसाठी तयार असतो, फक्त आधी घर द्यायला तयार नसतो. त्याला पगाराच्या पावत्या हव्या असतात, पगाराला बँक खातं हवं असतं, आणि बँकेला पुष्कळदा आनमेल्डुंग हवं असतं. या चक्रात शिरायची फट जो शोधतो त्याला कुशल कामगार म्हणायला हरकत नसावी. विद्यार्थ्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी जायच्या आधीच वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवायचे आणि तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ मिळवायचे. बापाने प्लॉट विकून भरलेले पैसे पोराला हप्त्याहप्त्याने खर्चायला शिकवणारी दुसरी शिस्त अजून आपल्याकडे निघालेली नाही.

कागदांचं विचारू नका. भारत २००५ मध्ये हेगच्या अपोस्टिल करारात सामील झाला. तेव्हापासून आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का करारातल्या बहुतेक देशांच्या कचेऱ्यांत चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे तिथे तो चालत नाही. जन्माच्या किंवा लग्नाच्या दाखल्याबद्दल शंका आली तर वकिलातीमार्फत इथे प्रत्यक्ष चौकशी होते. ही चौकशी शेजारपाजारी नेली तर महिने लागणारच. आपल्या शेजाऱ्यांना ‘लग्न झालं होतं का?’ असं विचारलं की ते आधी मठ्ठा आंबट होता हे सांगतात, मग जिलबी कमी पडल्याचं.

आपल्या नावांनी तर त्या यंत्रणेला घाम फोडला आहे. स्वतःचं नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, ही आपली रीत. जर्मन फॉर्ममध्ये रकाने दोनच, त्यामुळे मधलं नावही पहिल्याच रकान्यात जातं. परिणामी दवाखान्यात बायकोला नवऱ्याच्या नावाने पुकारतात आणि बँकेचं पत्र मुलाला सासवडला बसलेल्या बापाच्या नावाने येतं.

आडनावाचा फटका आणखी निराळा. बऱ्याच कचेऱ्यांत अर्जांची वाटणी आडनावाच्या आद्याक्षरावर असते. म्हणजे पाटील, पवार, पाटणकर, पेंडसे, पोतदार हे सगळे एकाच कारकुनाच्या टेबलावर. हा गृहस्थ तीन आठवडे मायोर्काला समुद्रस्नानाला गेला की अख्खा ‘प’ थांबतो. शेजारच्या टेबलावरची बाई हसून सांगते की ती फक्त ‘क्यू’ बघते. तिचं टेबल स्वच्छ असतं. महाराष्ट्रात इतकी भांडणं झाली, पण पाटील आणि पेंडसे यांना एका रांगेत समान वागणूक मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

आणि टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट. ती संकेतस्थळावर मिळते, म्हणजे मिळत नाही. पुन्हापुन्हा पानं रिफ्रेश करण्याची सवय रेल्वेच्या तत्काळ तिकिटाने आपल्या अंगी बाणवलेली असते, तीच इथे कामाला येते. काही शहरांत टर्मिन विकणारे दलाल निघाल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा अनेक मराठी घरांत प्रथमच जर्मनीबद्दल आपुलकी वाटली असेल. फोटोचंही तसंच. इथल्या स्टुडिओतून ३५ बाय ४५ मिलिमीटरची अख्खी शीट छापून नेली असेल तर ती आता आल्बमात लावावी. मे २०२५ पासून तिथे कागदी फोटो चालत नाही, डिजिटलच लागतो.

टर्मिन मिळेपर्यंत व्हिसाची मुदत संपली तर? इथे मात्र कायदा माणुसकीने वागतो. मुदतीच्या आत अर्ज पोचला असेल तर निवास कायद्याचं ८१वं कलम सांगतं की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच मानायचं. तसं लिहिलेला घडीचा एक कागदही देतात, आणि हा कागद घ्यायलाही अनेकदा टर्मिन लागते. कागदावर काही चौकोन असतात. खूण एका चौकोनात असली तर बहिणीच्या लग्नाला येऊन परत जाता येतं, दुसऱ्यात असली तर येता येतं, पण त्या कागदावर परत जाता येत नाही. मुहूर्त गुरुजींनी काढायचे दिवस गेले, तो आता कारकुनाच्या पेनाने निघतो. मग कधीतरी मंजुरी होते, बर्लिनच्या छापखान्यात कार्ड छापलं जातं आणि आणखी काही आठवड्यांनी हाती पडतं. पहिल्या परवान्याची फी साधारण १०० युरो. जर्मनीत सरकारी कामाला वरचा खर्च नसतो, हे आपल्या लोकांना शेवटपर्यंत खरं वाटत नाही.

हे सगळं वाचून फार हसू नये. चाकणच्या कारखान्यात येणाऱ्या जर्मन इंजिनिअरला विचारा. १८० दिवसांहून मोठ्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने १४ दिवसांत नोंदणी करावी, असा आपलाही नियम आहे. घरमालकाने त्याची माहिती २४ तासांत ठरलेल्या फॉर्ममध्ये भरायची. घरमालकाला फॉर्म माहीत नसतो, पण भाडेकरू अंडी खातो का, पाहुणे किती येतात आणि रात्री किती वाजता येतात, हे त्याला आधी कळायला हवं असतं. करार अकरा महिन्यांचा. बाराव्या महिन्यात गृहस्थ राहतो कुठे, हा प्रश्न त्या जर्मनाने विचारला की सगळे हसतात आणि चहा मागवतात. फरक इतकाच, की आपल्याकडे कुणीतरी कुणालातरी ओळखतं. श्टुटगार्टला कुणी कुणाला ओळखत नाही, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

करारातल्या १०,००० तरुणांना सरकारने जर्मन भाषा शिकवायचं ठरवलं, हे चांगलंच. पण परवान्याच्या रांगेची खरी तयारी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला काढताना तहसील कचेरीत झालेली असते. त्याचंही प्रमाणपत्र द्यावं, तिथे चालून जाईल.

तेव्हा ज्यांची मुलं निघाली आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. अर्ज मुदत संपण्याच्या कितीतरी आधी टाका आणि त्याची पोच जिवापाड जपा, कारण ८१वं कलम त्या पोचेवरच उभं आहे. आणि घर मिळालं की पहिल्याच दिवशी टपालपेटीवर नाव लावा, नाहीतर परवान्याचं पत्र पोस्टमन परत नेतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. ‘साहेब’, ‘राव’, ‘इंजिनिअर’ काही जोडू नका.