ॲव्हरेजपंत

नवी कोरी मोटार घेणाऱ्या मनुष्यास तिच्या रंगाचा, तिच्या वासाचा आणि शेजाऱ्यांच्या मुद्रेवर उमटणाऱ्या भावांचा असा त्रिविध आनंद लाभतो. परंतु दहा-बारा वर्षे वापरलेली, दोन धन्यांच्या हाताखालून गेलेली मोटार घेणाऱ्या गृहस्थाच्या वाट्यास यांपैकी काहीच येत नसल्यामुळे तो आपल्या समाधानाची तजवीज अन्यत्र करतो, आणि हे अन्यत्र म्हणजे बहुधा लिटरमागे पडणारे किलोमीटर होत. या संप्रदायातील साधकास आम्ही ॲव्हरेजपंत म्हणतो. पंत ठाण्यासही आढळतात आणि सांगलीसही. तथापि त्यांची अस्सल जात पाहावयाची असल्यास पुण्यात कोथरूडासच जावे.

पंतांची गाडी २०१४ सालची डिझेल इकोस्पोर्ट. ही निवड स्वभावास धरूनच झाली आहे. उंच बांधा, मागच्या दारावर लटकावलेली स्टेपनी, नदीनाले तुडवून आल्याचा एकंदर आविर्भाव, आणि लांबी मात्र ३९९९ मिलिमीटर! चार मीटरांच्या मर्यादेत बसणाऱ्या आणि दीड लिटरपर्यंतचे डिझेल इंजिन असणाऱ्या गाडीस त्या काळी अबकारी करात सवलत होती. सरदारी थाट कायम राखून सरकारी तिजोरीस अवघ्या एका मिलिमीटराने हुलकावणी देणारे हे वाहन आपल्याचसाठी निर्माण झाले, अशी पंतांची धारणा असल्यास तिला निराधार म्हणता येणार नाही.

या गाडीच्या माहितीपत्रकात लिटरमागे २२.७ किलोमीटर असा आकडा छापलेला होता. असले आकडे प्रमाणित करणारी, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन कोथरूडच्याच टेकडीवर असल्यामुळे पंतांना त्या आकड्याविषयी गाववाल्याचा जिव्हाळा वाटतो. तेथे गाडी एका जागी उभी राहते आणि तिची चाके रुळांवर फिरतात; वेग ठरलेल्या वेळापत्रकाबरहुकूम चढतो-उतरतो, ताशी ९० किलोमीटरांच्या वर जात नाही, आणि वातानुकूलन बंद असते. यावरून सामान्य मनुष्य असा निष्कर्ष काढील की तो आकडा प्रयोगशाळेचा आहे, कर्वे रस्त्याचा नव्हे. पंतांनी मात्र कर्वे रस्ताच प्रयोगशाळा करावयाचे मनावर घेतले आहे. त्यामुळे वैशाखातल्या दुपारी गाडीत वातानुकूलनाचे बटण हे केवळ दर्शनापुरते असते, आणि घामाने निथळणाऱ्या मंडळींनी, “अहो, निदान काच तरी खाली करा,” अशी विनवणी केली असता, काच उघडली की वारा आत शिरून गाडीस मागे ओढतो, सबब लोणावळ्यापर्यंत कळ काढावी, असा हुकूम सुटतो.

या गृहस्थास कोणी कंजूष म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. कंजूष मनुष्य पैसे वाचवितो, पंत आकडा वाचवितात. एका टाकी-फुलपासून दुसऱ्या टाकी-फुलपर्यंतचा हिशेब शुद्ध राहावा म्हणून डिझेल त्याच पंपावर, त्याच यंत्रावर, गाडीचे तोंड त्याच दिशेस करून भरले पाहिजे, असा त्यांचा नेम आहे; आणि तो पंप घरापासून दूर, वारज्याच्या पलीकडे असल्याने त्या नेमापायी जळणारे डिझेलही ते निर्विकारपणे कीर्दीत जमा धरतात. पंपावरील पोऱ्याने नळी आपोआप बंद पडताच ती काढू म्हटले, तर पंत कळवळून उद्गारतात, “अरे बाळा, फेस बसू दे!” डिझेलास धारोष्ण दुधासारखा फेस येतो आणि त्या फेसाने नळी फसते, हे शास्त्र पंतांस अवगत आहे, मागे खोळंबलेल्या रांगेस नसते.

शास्त्राच्या बाबतीत पंत निवडक आहेत. ताशी ८० वरून १०० वर गेले की वाऱ्याचा अवरोध दीडपटीहून अधिक वाढतो, हे तत्त्व त्यांनी शिरसावंद्य मानले आहे, आणि द्रुतगती मार्गावर मागून येणाऱ्या बसगाड्यांनी कितीही शंखनाद केला तरी त्यांचा काटा ७० वरून ढळत नाही. परंतु उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा त्यांचा कुलाचार मात्र शास्त्राच्या विरुद्ध जातो. आधुनिक इंजिनात गिअर पडलेला असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठाच थांबतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते, आणि घाटात ब्रेकवर सगळा भार येतो तो वेगळाच; हे त्यांच्या भाच्याने, जो अभियंता आहे, दोनदा सप्रमाण सिद्ध करून दाखविले. पंतांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि “तुमची पिढी वाचते फार,” एवढाच शेरा मारून खंबाटकीच्या घाटमाथ्यावर गिअर काढला.

कीर्दीतला त्यांचा सर्वोत्तम आकडा २१.३ आहे, आणि लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, क्वचित स्मशानातही तो सांगितला जातो. आकडा खरा आहे. त्यात लबाडी मुळीच नाही. फक्त तो पुण्याहून मुंबईस जातानाचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे बोरघाट उतरताना साक्षात सह्याद्रीच गाडीस हात लावतो, आणि परतताना तोच सह्याद्री खोपोलीपासून वसुली सुरू करतो. परतीच्या प्रवासाची नोंदही कीर्दीत इमानेइतबारे आहे. पण ते पान दप्तरदाखल असून जाहीर वाचनासाठी नाही.

परवा एका मुंजीत पंतांची गाठ तशाच गाडीच्या दुसऱ्या एका मालकाशी पडली. नमस्कार-चमत्कार झाले, टायरमधील हवेवर चर्चा झाली, आणि जिलबीच्या दुसऱ्या वेढ्यास त्या गृहस्थाने सहज सांगितल्यासारखे करून, आपली गाडी मुंबईच्या रस्त्यास २२ देते, असे जाहीर केले. पंतांचा हात द्रोणाशीच थबकला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढविला, आणि उलटतपासणी घेणाऱ्या मुरब्बी वकिलाच्या स्वरात विचारले,

“जातानाचे, की येतानाचे?”