वारसा रेल्वे: निवृत्तांसाठी पात्रता व प्रवेश

ज्या गाडीने कुठे पोहोचायची कुणालाच घाई नसते, तिला वारसा रेल्वे म्हणतात. अशा रेल्वेवर पगार न घेता, उलट वर्षाची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरून राबणाऱ्या माणसाला स्वयंसेवक म्हणतात. ही प्रथा वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने पाडली. स्लेटच्या खाणीसाठी बांधलेली ही चिमुकली गाडी १९५० साली मालक वारल्यावर बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमला सभा भरली, संस्था निघाली आणि १९५१ पासून हौशी मंडळी गाडी चालवू लागली. ‘थॉमस द टँक इंजिन’चे जनक रेव्हरंड ऑड्री हेही तिथे गार्ड म्हणून राबले. एकदा तर खाऊचा स्टॉल चालवणाऱ्या बाईंना स्टेशनातच सोडून त्यांनी गाडी सोडली. पगारी गार्डाची अशा वेळी चौकशी लागते. बिनपगारी गार्डाने त्यावर मुलांसाठी गोष्ट लिहिली.

या कामाला लागणारं मनुष्यबळ मुंबईच्या उपनगरांत मुबलक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडवरूनच गेली, आणि अंधेरी-बोरिवलीकडेही १८६७ पासून लोकल धावते आहे. इतक्या वर्षांत इथल्या माणसाच्या अंगात रेल्वे मुरलेली असते. कुठल्या डब्याचा कुठला दरवाजा जिन्यासमोर येतो, हे त्याला डोळे मिटून सांगता येतं. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीच्या आधाराने पेपर वाचण्याचं आसन तो कल्याणपर्यंत टिकवू शकतो. इंडिकेटरवर काहीही लागलेलं असो, येणारी गाडी स्लो की फास्ट हे तो लांबूनच ओळखतो आणि शेजाऱ्याने न विचारता सांगतो.

अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी हा माणूस निवृत्त होतो आणि पास संपतो. मुरलेली रेल्वे मात्र तशीच राहते. मग घराचं वेळापत्रक लागतं. चहा ६.१०, आंघोळ ६.४२, नातवाची स्कूलबस ७.०५. बस दोन मिनिटं उशिरा आली तर कारण विचारलं जातं. शनिवारी रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारच्या मेगाब्लॉकची सविस्तर घोषणा होते, स्वतःला कुठेही जायचं नसताना. घरात गार्ड आपणच आहोत असं त्याला वाटतं. इंजिन कोण आहे, हे बाकी सगळ्यांना ठाऊक असतं. अशा घरातल्या गृहिणीनेच एके दिवशी सुचवलेलं असतं, की बाहेर कुठेतरी एखादी रेल्वे बघा.

जवळपास पाहावं तर पर्याय थोडे. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली, त्यामुळे तिथे आता पुसायलाही काही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ‘वनराणी’ २०२१ च्या तौक्ते वादळात जायबंदी होऊन थांबली. शिवाय तिच्यावर पहिला हक्क नातवंडांचा.

खरी वारसा रेल्वे म्हणजे नेरळ-माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने ती १९०७ साली सुरू झाली. दोन फुटी रूळ, विसाला एक असा चढ, वीसेक किलोमीटरांत दोनशेहून जास्त वळणं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला, तो २००७ मध्ये पुन्हा उभा राहिला. पुढेही घसरण्यामुळे आणि पावसामुळे ती बंद होत, पुन्हा सुरू होत राहिली. पूर्वी उतारावर शिट्टी वाजली की डब्यांवरचे ब्रेकवाले हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. तळहात काळे, नजर पुढच्या वळणावर आणि कान शिट्टीकडे. खिडकीतून हे पाहताना दादर-मुलुंडच्या कितीतरी निवृत्तांचे हात शिवशिवले असतील. पण रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रेमापोटी शिरणाऱ्यासाठी वेगळी तरतूद नाही.

म्हणून मुलुंडहून वारसा रेल्वेकडे जाणारा प्रत्यक्षात खुला मार्ग लंडनवरून जातो. त्यासाठी मुलगी किंवा मुलगा तिकडे असावा लागतो, आणि मुलुंडमध्ये ही अट बहुधा पूर्ण झालेली असते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, आणि तिथल्या बऱ्याच वारसा रेल्वे अशा संस्थांच्याच आधाराने चालतात. इंजिनावर जायचं तर नियमांची परीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि मग पायऱ्या: आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर. शेवटच्या पायरीला वर्षं लागतात. तीस दिवसांत हाती येतं ते फडकं. घरी जेवलेलं ताट कधी न उचललेला माणूस परक्या देशात पहाटे उठून तेलाच्या चिंध्यांनी इंजिनाची चाकं पुसतो आणि त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. त्या फोटोखाली बायकोची पहिली प्रतिक्रिया काय असते, हे इथे देण्याची गरज नाही. परतल्यावर भांडी कोण पुसणार, हे मात्र त्याच वेळी ठरतं.

तेव्हा रेल्वेला विनंती एवढीच, की नेरळच्या गाडीवर इंजिन नको, ब्रेक नको, आठवड्यातून एक दिवस खिडक्या पुसायला, रुळांकडेचा कचरा वेचायला आणि पर्यटकांना न विचारता माहिती द्यायला उपनगरांतल्या निवृत्तांना रीतसर घ्यावं. अर्जासाठी रांग मोठी लागेल, पण रांगेत कसं उभं राहायचं ते या मंडळींना शिकवावं लागणार नाही.