पाल्याला अकरात बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुंबईत शाळेकडून क्रिकेट खेळणाऱ्या मुलासाठी सगळे तयार मिळते. बॅट मिळते, थायपॅड मिळते, डोके सरळ ठेवून ड्राइव्ह कसा मारावा हे शिकवणारे व्हिडिओ तर फुकट मिळतात. मात्र त्या मुलाला पहाटेच्या लोकलने विरारहून किंवा डोंबिवलीहून मैदानावर आणणाऱ्या, किटबॅगचे चाक निखळले की ती डोक्यावर घेणाऱ्या आणि संघाची यादी लागली की मुलाच्या आधी ज्यांचा घसा दाटतो अशा पालकांसाठी कुणीही चार ओळी लिहिलेल्या नाहीत. ती उणीव येथे भरून काढत आहोत.

हे मार्गदर्शन सोळा वर्षांखालील हॅरिस शील्ड आणि चौदा वर्षांखालील गाइल्स शील्ड या दोन्हींना लागू आहे. या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत आणि त्यांतले राजकारणही तेवढेच जुने असावे. फक्त पूर्वी ते सर आणि हेडमास्तर आपापसांत उरकत, पालकांना त्यात घेत नसत. तो अन्याय आता दूर झाला आहे. (मुलींच्या पालकांनी पुढे वाचले नाही तरी चालेल. बहुतेक शाळांत मुलींचा क्रिकेट संघच नसतो, त्यामुळे राजकारणाचीही सोय नाही.)

सुरुवात गृहीतकापासून करावी. आपला मुलगा चांगला खेळतो, हे गृहीतक. ते तपासण्याच्या भानगडीत पडू नये. एकदा ते मान्य केले की पुढचे सगळे आपोआप सुटते: तो संघात असला तर गुणवत्ता, नसला तर राजकारण. शेजारच्या मुलाच्या बाबतीत हेच उलटे वाचावे.

यानंतर सर ओळखावेत. सर दोन प्रकारचे असतात. एक शाळेचे सर, म्हणजे पीटीचे शिक्षक. यांच्याकडे निवडणुकीची ड्यूटी असते, दहावीच्या परीक्षेचे सुपरव्हिजन असते, स्नेहसंमेलनाचा मांडव असतो, आणि यांतून वेळ उरला तर क्रिकेटचे किट मोजून घेणे असते. या माणसाला राजकारण करायला फुरसत नसते. त्यांना सकाळी नमस्कार करावा आणि पुढे जावे.

दुसरे, बाहेरचे सर. अभ्यासाचा खरा विषय हे. शाळा यांना मोसमापुरते आणते. हे स्वतः कांगा लीगमध्ये पावसात चिखल तुडवत खेळलेले असतात, त्यांचा शब्द मैदानावर चालतो, आणि संध्याकाळी त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची स्वतःची अकॅडमी असते. सकाळी ते शाळेचे अकरा निवडतात. संध्याकाळी त्या अकरांपैकी सात जणांना फी घेऊन शिकवतात. शहाणी माणसे याला हितसंबंधांचा गुंता वगैरे म्हणतील. मैदानावर त्या सातांना नुसते ‘सरांची मुले’ म्हणतात. शाळा सरांना जे मानधन देते त्यात लोकलचा पास आणि चहा सुटतो, म्हणून सर अकॅडमी काढतात. सरांची अकॅडमी आहे हे शाळेला माहीत असते, म्हणून मानधन वाढत नाही. या व्यवहारात सगळ्यात कमी कमावणारा माणूस सरच असतो, पण ही माहिती पालकांच्या कामाची नाही. ती विसरून जावी.

यावर उपाय सोपा आहे. मुलाचे नाव संध्याकाळच्या बॅचमध्ये घालावे. मात्र ते जूनमध्ये घालावे. पावसाळा संपला की ट्रायल्स लागतात; सप्टेंबरच्या शेवटी नाव घातले तर हेतू उघडा पडतो आणि तरीही फी पूर्णच जाते. नाव घातल्यापासून साधारण महिन्याभरात पालकाच्या विचारांत फरक जाणवू लागतो. कालपर्यंत जे सेटिंग होते ते आज मुलाच्या तंत्रावर घेतलेली मेहनत दिसू लागते. बॅचबाहेरच्या मुलांचे पालक कुरकुर करत असतील तर त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहावे आणि ‘हल्ली लोकांना सगळं फुकटात हवं असतं’ असे म्हणावे.

सरांशी बोलताना ‘माझ्या मुलाला घ्या’ असे थेट कधी म्हणू नये. ‘सर, त्याचं काय चुकतंय ते सांगा, आम्ही घरी घेतो करून’ असे म्हणावे. सर काही चूक सांगू लागले तर ऐकून घेऊ नये, कारण प्रश्न त्यासाठी नव्हता.

या संदर्भात शिवाजी पार्कवरच्या सर्वांत यशस्वी वशिल्याचा अभ्यास उपयोगी पडेल. अजित तेंडुलकर धाकट्या भावाला रमाकांत आचरेकर सरांच्या नेट्समध्ये घेऊन गेला, तेव्हा मुलगा दडपणाखाली धड खेळेना. अजितने सरांना विनंती केली, की तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि झाडाआडून बघा. सरांनी बघितले आणि घेतले. एवढाच वशिला. हल्लीच्या पालकांनी यातून योग्य तो बोध घ्यावा, म्हणजे नेटच्या जाळीला नाक लावून उभे राहावे. झाडाआड जायची सोय सरांनाच ठेवावी.

उभे कुठे राहावे हा प्रश्न सामन्याच्या दिवशी आणखी गंभीर होतो. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत आणि एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. त्यामुळे ‘पाय काढ रे, पाय!’ असे आपण ओरडलो तर ते कोणत्या सामन्यातला कोणता मुलगा मनावर घेईल हे सांगता येत नाही. आवाज अचूक लागावा म्हणून पालकांनी स्क्वेअर लेगच्या अंपायरजवळ सरकत सरकत जावे. अंपायरने हटकले तर ‘पाण्याची बाटली द्यायला आलो’ म्हणावे. बाटली रिकामी असली तरी चालते.

सोबत स्वतःची स्कोअरबुक ठेवावी. शाळेचा स्कोअरर नववीतला मुलगा असतो आणि तोही कुणाच्या तरी गटातला असतो. पालकाच्या स्कोअरबुकमध्ये बाद होण्याचे प्रकार वेगळे असतात: खेळपट्टीमुळे, समोरच्याने कॉल न दिल्यामुळे, मागच्या रात्री मराठीचा प्रकल्प पूर्ण करायला लावल्यामुळे. त्रिफळाचीत हा रकाना छापून आला असला तरी खोडावा.

आता फलंदाजीचा क्रम. या एका विषयावर जितकी नाती तुटली आहेत तितकी वडिलोपार्जित जमिनीवरूनही तुटली नसतील. मुलगा सातव्या क्रमांकावर जाणे हा अपमान समजावा. नवव्यावर जाणे हा कट. पाचव्या क्रमांकाबद्दल मात्र पालक गाफील राहतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

फेब्रुवारी 1988 मधला शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स हा हॅरिस शील्डचा उपांत्य सामना घ्या. शारदाश्रमचे दोन गडी 84 धावांवर बाद झाले आणि त्यानंतर कुणी बाद झालेच नाही. विनोद कांबळी नाबाद 349, सचिन तेंडुलकर नाबाद 326, भागीदारी 664, धावफलक 2 बाद 748. सहायक प्रशिक्षक डाव सोडा म्हणून बाहेरून खुणा करत होते आणि ही दोन मुले तिकडे बघायचेच टाळत होती, हा किस्सा प्रसिद्ध आहे. सगळ्या महाराष्ट्राने हा सामना तेंडुलकरांच्या किंवा कांबळींच्या बाजूने वाचला. पालकांनी तो पाचव्या क्रमांकाच्या बाजूने वाचावा. तंबूत पॅड बांधून तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार बसला होता. सगळी भागीदारी बसून होता. त्याची पाळी आली नाही.

आजच्या एखाद्या जागरूक पालकाने हे चालू दिले असते का? दुसऱ्या दिवशी उपाहारापर्यंत त्याने मुख्याध्यापकांना निवेदन दिले असते, की शालेय खेळात सर्वांना समान संधी मिळावी. तसे काही झाले नाही, आणि परिणाम समोर आहे: मुझुमदारने 1994 मध्ये मुंबईकडून प्रथम श्रेणी पदार्पणात 260 धावा केल्या, पुढे 11 हजारांवर धावा जमवल्या, भारताकडून एकदाही खेळला नाही, आणि 2025 मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. समोरच्या संघाचीही नोंद घ्यावी. त्या दिवशी झेवियर्सच्या एका लेगस्पिनरला 182 धावा पडल्या आणि एकही बळी मिळाला नाही. त्याच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाला त्या मैदानातून काढून बुद्धिबळाला घातले असते तर सगळ्यांनी समजून घेतले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यामुळे साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला.

ही उदाहरणे फार वेळ डोक्यात ठेवू नयेत. त्यांनी निर्धार ढिला पडतो.

निर्धार पुन्हा आवळायचा तर 1009 सारखे मोठे आकडे पाठ करावेत. 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. त्याच्या शाळेने 3 बाद 1465 वर डाव सोडला. (पाचव्या क्रमांकाचे पालक, इकडे लक्ष आहे ना?) त्याच वर्षी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात त्याचे नाव नव्हते आणि एका थोर फलंदाजाच्या मुलाचे होते. देशभर संताप उसळला. लोकांनी महाभारतापर्यंत जाऊन अंगठा मागून आणला. विभागाचा संघ राज्यसंघांकडून खेळलेल्या मुलांतून निवडतात आणि धनावडे त्या मोसमात मुंबईच्या त्या गटाच्या संघात नव्हता, हा साधा नियम बऱ्याच उशिरा कुणीतरी वाचला. तेव्हा पालकांनी लक्षात ठेवावे: संताप आधी व्यक्त करावा. नियम वाचून संताप केल्यास तो निम्म्यावर येतो.

पुरस्कारांबाबतही हेच धोरण ठेवावे. 1987 मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेचा उत्कृष्ट कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार सचिन तेंडुलकरला मिळाला नाही. सुनील गावसकरांनी त्याला निराश होऊ नकोस असे पत्र लिहिले. आपले पॅडही त्यांनी त्याला दिले होते. वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी, मसुदा लिहायला घरातच माणूस होता, तरी तक्रार अर्ज गेल्याचे ऐकिवात नाही. एवढी मोठी संधी अशी वाया गेली.

वयाचा विषय नाजूक आहे. जन्मदाखला हवा तसा निघतो अशी काही पालकांची समजूत असते. ती डाव्या मनगटाच्या एक्स-रेपर्यंतच टिकते. हाडांवरून वय काढायची चाचणी मंडळाने आणली तेव्हापासून मनगट सरांचे ऐकत नाही, नगरसेवकांचेही ऐकत नाही. आपण या वाटेला जाऊ नये. मात्र दुसऱ्याच्या मुलाला मिसरूड फुटलेली दिसली तर दर सामन्याला मोठ्याने विचारावे, ‘काय रे, कॉलेज कसं चाललंय?’

व्हॉट्सॲपचे गट तीन असावेत. एक सर असलेला. त्यात फक्त ‘धन्यवाद सर’ आणि हात जोडलेले चित्र. दुसरा सर नसलेला. त्यात खरे बोलावे. तिसरा, दुसऱ्या गटातले बोलणे सरांपर्यंत पोहोचवणाऱ्या त्या मम्मींना वगळून केलेला. या तिसऱ्या गटात आपल्याला घेतले नसेल तर ती व्यक्ती कोण याचा विचार करावा.

शेवटचा उपाय शाळा बदलणे. याला परंपरा आहे. आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेलेला मुलगा पुढे काय झाला हे सांगायला नको. नव्या शाळेशी बोलणी करताना फीमाफी, किट आणि फलंदाजीचा क्रम हे तिन्ही एकाच बैठकीत ठरवून घ्यावेत. मुलाला त्याचे मित्र सोडावे लागतील. नव्या संघात आधीपासून खेळणारा कुणीतरी मुलगा आपल्यामुळे बाहेर बसेल आणि त्याचे वडील म्हणतील की राजकारण झाले. त्यांना समजावून सांगावे की ही गुणवत्ता आहे.

एक धोक्याची सूचना मात्र देऊन ठेवतो. एवढे सगळे नीट केल्यावर, एखाद्या संध्याकाळी परतीच्या गाडीत, मुलगा मोबाइलमधून डोके वर काढून म्हणेल, ‘बाबा, उद्याच्या मॅचला तुम्ही नाही आलात तरी चालेल.’ अशा वेळी भांबावून जाऊ नये, त्याच्यावर ओरडूही नये. हे वाक्य त्याचे नाही. सरांनी पढवलेले आहे. शांतपणे वही काढावी, तारीख, वेळ आणि डबा नोंदवावा, आणि दादर यायच्या आत सेक्रेटरींच्या नावाने अर्जाला सुरुवात करावी.