नाकावरचं बिऱ्हाड

‘खेळण्यासाठी दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा ठेवावी,’ असं आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. लिहिणारा माणूस आमच्या पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत कधी राहिलेला नसावा. दोन बाय दोन मीटर म्हणजे 43 चौरस फूट. आमच्याकडे एवढ्या जागेत लोक किचन काढतात, त्यात ओटा बसवतात, ओट्याखाली सिलिंडर आणि वर माळा करून गावाकडून आलेली ज्वारी ठेवतात. इथे मोकळी जागा फक्त बिल्डरच्या जाहिरातीतल्या चित्रात दिसते. जागेचा भाव काय चाललाय ते तुम्हीच लावून बघा. हेडसेटच्या पैशांत फार तर पाट मांडण्याएवढी फरशी येईल.

आमच्या घरी हा डबा मेहुण्याच्या बॅगेतून आला. तो कंपनीच्या कामाने अमेरिकेत गेला होता. बॅग उघडताना सगळ्यांची नजर चॉकलेटांवर होती, आणि निघालं हे. “दाजी, स्वस्तातला आहे,” तो म्हणाला. कुठल्या कंपनीचा ते सोडा. पुढे मी जे सांगणार आहे त्यात कंपनीपेक्षा आमच्या हॉलचा दोष जास्त आहे.

स्वस्त म्हणाला ते खोटं नव्हतं. 2016 साली ऑक्युलस रिफ्ट आला तेव्हा तो 599 डॉलरला होता, वर तो चालवायला तगडा कॉम्प्युटर वेगळा, आणि त्या कॉम्प्युटरपासून डोक्यापर्यंत वायर. 2019 मध्ये त्याच कंपनीच्या क्वेस्टने वायर तोडली आणि कॉम्प्युटर हटवला. 2020 च्या ऑक्टोबरात क्वेस्ट 2 ने किंमत 299 डॉलरवर आणली. दोन वर्षांनी, म्हणजे ऑगस्ट 2022 मध्ये, तोच माल कंपनीने 100 डॉलरनी वाढवला. जुना झाला म्हणून महाग, हे मी तोवर फक्त तांदळात पाहिलं होतं. मग ऑक्टोबर 2024 मध्ये क्वेस्ट 3एस आला आणि गाडी पुन्हा 299 वर आली. म्हणजे आपले साधारण पंचवीस हजार. पण 3एस निघाला तेव्हाही विक्रीच्या देशांत भारताचं नाव नव्हतं, त्यामुळे असा डबा घ्यायचा तर आधी परदेशात जाणारा मेहुणा लागतो. वॉरंटी तिकडेच राहते. मेहुणा परत येतो.

तर गुण आधी सांगतो, नाहीतर मेहुणा नाराज होईल. स्क्रीन, प्रोसेसर, बॅटरी, स्पीकर, भोवतालचं बघणारे कॅमेरे, सगळं त्या एका डब्यात. खोलीच्या कोपऱ्यांत ठोकायचे सेन्सर नाहीत, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. डोक्याला लावला की चालू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. या प्राण्याचं नाकावर असतं. आणि तिथेच त्याचा पहिला अवगुण सुरू होतो. वजन अर्धा किलो, ते सगळं पुढच्या बाजूला. अर्ध्या तासाने गालांवर दोन लाल कमानी उमटतात. तसाच मी भाजी आणायला पिंपरी कॅम्पात गेलो तर ओळखीचा भाजीवाला म्हणाला, “काय साहेब, घरी भांडण झालं का?”

चालू करताना आधी जमिनीवर हद्द आखायची. हातातल्या कंट्रोलरने फरशीवर रेघ ओढत जायचं, म्हणजे खेळता खेळता तुम्ही हद्दीजवळ गेलात की डोळ्यांसमोर जाळी उभी राहते. मी शिलाई मशीन टाळलं, फ्रिज टाळला, दिवाण टाळला, देवघर तर टाळलंच. शेवटी जो आकार आला तो हुबेहूब महाराष्ट्राचा नकाशा. विदर्भात एक पाय ठेवून उभं राहता येत होतं. कोकणपट्टी सोफा आणि टीव्हीच्या मधे. तिथे जायचं तर आडवंच व्हावं लागे. हेडसेटने ती जागा मोजली आणि अपुरी आहे असं नम्रपणे कळवलं. मग ‘एका जागी उभं राहून’ असा पर्याय दिला. हा पर्याय काळेवाडीसाठीच केलेला असावा.

एका जागी उभं राहून मी टेबल टेनिस खेळलो. खेळ इतका खरा आहे की चेंडू बॅटला लागला की हाताला ठोका जाणवतो आणि खेळ संपल्यावर माणूस टेबलावर हात टेकायला जातो. टेबल नसतं. मी पडलो नाही, कारण पडायला लागते तेवढी जागाही नव्हती, दिवाणाने झेललं. सर्व्हिस करताना मात्र एकदा हात ट्यूबलाइटच्या पट्टीला लागला. ती विझली आणि गंमत म्हणजे खेळही बंद पडला. कारण हे कॅमेरे अंधारात आंधळे. उजेड गेला की आपण कुठे उभे आहोत हे डब्याला कळेनासं होतं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी हेडसेटला उपास.

पुढे आईची पाळी. आई परभणीकडची, माळकरी. तिच्या अंबाड्यामुळे पट्टा बसेना, शेवटी अंबाडा पट्ट्याच्या भोकातून बाहेर काढला. डोळ्यांमधलं अंतर जुळवायला या स्वस्त जातीत तीनच खाचा: 58, 63 आणि 68 मिलिमीटर. मधल्या खाचेवर तिला दिसलं. मी एका विठ्ठलमंदिरातला 360 अंशांचा व्हिडिओ लावला होता. आईने मागे वळून पाहिलं, मागेही मंडप. वर पाहिलं, झुंबर. मग समोर मूर्ती. “अरे, केवढी प्रभा आहे रे मूर्तीभोवती!” ती प्रभा भिंगाची. स्वस्त हेडसेटात फ्रेनेल भिंगं असतात, दीपगृहांसाठी शोधलेली, गोल गोल खाचांची. काळोखात काही उजळ आलं की त्या खाचांमुळे भोवती प्रकाश फाकतो. तंत्रज्ञ याला दोष मानतात. मी आईला सांगितलं नाही.

आई पायांवर डोकं ठेवायला वाकली. आणखी वाकली. गुडघे टेकले. मग कपाळ फरशीपासून वीतभर असताना थांबून म्हणाली, “हा देव मागं सरकतोय.”

तिचं निरीक्षण बिनचूक होतं. खेळात तुम्ही वाकलात की हेडसेट ते मोजतो आणि वस्तू खरोखर जवळ येतात. पण असा व्हिडिओ एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने घेतलेला असतो. त्यात मान कुठेही फिरवा, सगळं दिसेल. पुढे मात्र बोटभरही जाता येत नाही. जेवढे तुम्ही वाकाल तेवढं सगळं मंदिर तुमच्याबरोबर खाली येतं. मी हे दहा मिनिटं समजावलं. आईने पदर सावरत निकाल दिला, “म्हणजे हे मुखदर्शन. पदस्पर्शाची रांग वेगळी असंल.” पंढरपूरला ज्याने दोन्ही रांगा पाहिल्यात त्याला यापुढे काही सांगायला नको. मी इंग्रजीत या विषयावर बरंच वाचलंय, इतकं थोडक्यात कोणी लिहिलेलं नाही.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी घडला. चेहऱ्याला टेकणारा फोमचा पट्टा घामाने ओला होतो, आणि मे महिन्यातल्या काळेवाडीत तो वासही घेतो. सौ.ने नाकाला पदर लावून तो डबा दोन बोटांत धरला आणि गच्चीवर नेला. आमच्या घरात कशालाही वास आला, कीड लागली, ओल आली की उपाय एकच: ऊन. गाद्या, पापड, गहू, ओली पुस्तकं, सगळं गच्चीवर जातं आणि बरं होऊन येतं. हेडसेट मात्र या जगातली एकमेव वस्तू आहे जी उन्हाने मरते. भिंगं उन्हाकडे तोंड करून राहिली की लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तोच प्रयोग उलट्या दिशेने होतो आणि आतला पडदा काही मिनिटांत डागाळतो. मी पायऱ्या तीन-तीन करत वर गेलो. डबा कुरडयांच्या ओळीत होता, भिंगं खाली. सौ.ने तो पालथा ठेवला होता. “पाखरं चोच मारतील म्हणून,” ती म्हणाली. पंचवीस हजार रुपये चिमण्यांच्या धाकाने वाचले.

पाण्याची अडचण निराळी. शहरात 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या एकाने नळापाशी जागं असावं लागतं. हेडसेटच्या बाजूला दोन टिचक्या मारल्या की खेळ नाहीसा होऊन कॅमेऱ्यांतून खरं घर दिसायला लागतं. चित्र जरा मुंग्या आल्यासारखं, पण पिंप भरलं की नाही एवढं कळतं. मी बॅट हातात घेऊन मोरीत डोकावतो, पाहतो, परत जातो. या सोयीला मी गुणांत पैकीच्या पैकी देतो.

शेजारचे दादा चाकणला वेल्डर आहेत. त्यांनी हे सगळं ऐकून विचारलं, “भाऊ, याच्यात वेल्डिंग आहे का?” आहे. कामं शिकवायला कंपन्या हे डबे वापरतातच: अमेरिकेत वॉलमार्टने 2018 मध्ये कर्मचाऱ्यांना शिकवायला 17,000 हेडसेट घेतले. फोक्सवॅगनने त्याच वर्षी 10,000 कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण व्हीआरमधून करायचं जाहीर केलं. आपल्या ठाण्यातली अज्नालेन्स कंपनीही कामगारांच्या कौशल्य प्रशिक्षणात आहे. दादांनी वेल्डिंगचा नमुना करून पाहिला. हात सरळ चालला की नाही ते यंत्र दाखवत होतं. “पोरांना शिकवायला झकास,” ते म्हणाले, “रॉड वाया नाही, पत्रा वाया नाही, हात भाजत नाही. पण हात भाजला नाही तर पोरगं गॉगल घालायला कधी शिकणार?” मग नाइटवरून आलेला माणूस म्हणून झोपायला गेले, आणि दुपारी भिंतीवर टकटक करून निरोप दिला, की उडी मारायचा खेळ रविवारी खेळा.

मला विचाराल तर या डब्याचा जागच्या जागी बसून करायचा उपयोग सगळ्यात चांगला: सिनेमा. टीव्हीवर मालिका चालू असते, आणि मी त्याच सोफ्यावर मल्टिप्लेक्सएवढ्या पडद्यासमोर एकटा. फक्त बॅटरी सव्वादोन-अडीच तासांची, आणि आपले सिनेमे कुठे तेवढ्यात संपतात?

बातमी फिरत फिरत गणपती मंडळापर्यंत गेली. तीन पोरं आली. “काका, यंदा देखाव्यात हेच ठेवू. व्हीआर दर्शन!” मी हिशेब मांडून दाखवला. माणशी पाच मिनिटं, एका चार्जिंगमध्ये फार तर तीस माणसं, मग दोन-अडीच तास चार्जिंग. शिवाय प्रत्येकाच्या घामाचा पट्टा पुढच्याच्या तोंडाला. एकाचे डोळे आले तर अख्ख्या काळेवाडीचे येतील. पोरं गंभीर झाली. मग त्यांच्यातला कार्याध्यक्ष म्हणाला, “काका, लावायचाच कशाला डोक्याला? मखरात ठेवू, दोन लायटी सोडू. लोकं लांबूनच बघून पुढं जातील.”

आई आतून म्हणाली, “ठेवा. पण झेंडूचा हार घाला त्याला, प्लॅस्टिकचा नको.”