आठशेवाले काका

प्रत्येक सोसायटीत पाणी सोडणारा एक असतो, गणपतीची वर्गणी गोळा करणारा एक असतो आणि जुनी मारुती ८०० स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणारे एक काका असतात. पुण्यात कोथरूडच्या बाजूला तर हे काका बिल्डिंगच्या नकाशातच धरलेले असावेत अशी शंका येते. त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि आरटीओला माहीत. बाकी सगळ्यांचे ते आठशेवाले काका. नोकरी झाली बँकेत नाहीतर टेलिफोन खात्यात, म्हणजे उभ्या आयुष्यात हाताला शाईपलीकडे काही लागलेलं नाही. ती कसर ते दर रविवारी ग्रीसने भरून काढतात.

पहिल्या मारुतीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. या दोन्ही तारखा काकांना लग्नाच्या तारखेपेक्षा चोख पाठ आहेत, आणि हे काकूंनाही ठाऊक आहे. दहा हजार रुपये भरून लोकांनी गाडीसाठी नंबर कसा लावला होता, हे ते असं रंगवून सांगतात की रांगेत पहिले तेच उभे होते असं वाटावं. प्रत्यक्षात त्यांची गाडी सेकंड हँड. पण हा विषय सोसायटीत कोणी काढत नाही.

गाडी कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय ती हूं की चूं करत नाही. काकांच्या मते मोटार ही इथपर्यंतच मोटार होती, पुढे तिचा कॉम्प्युटर झाला. गॅरेज या संस्थेवर त्यांचा तिळमात्र विश्वास नाही. 'गॅरेजवाला एक नट सैल करतो आणि दोन घट्ट करायला विसरतो,' हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून हत्यारं स्वतःची. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी घासाघीस करून जमवलेले पाने, टॉमी, वॉटरपंप प्लायर, दोन छिन्न्या आणि एक लाकडी दांड्याची हातोडी. या हातोडीचा दांडा तीनदा आणि डोकं दोनदा बदललेलं आहे, पण हातोडी मात्र वडिलांच्या वेळचीच आहे.

काकांच्या आयुष्यातला मोठा सण म्हणजे पासिंग. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते पाच वर्षांचंच मिळतं. पर्यावरण कर भरा, गाडी आरटीओत न्या, इन्स्पेक्टरसमोर उभी करा. मुलीला बघायला पाहुणे येणार असल्यासारखी काकांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. हॉर्न, दिवे, वायपर झाले की उरतात ब्रेक. पुढच्या ब्रेकचं फारसं काही नसतं. काकांची खरी गाठ पडते ती मागच्या चाकांशी.

जुन्या ८०० च्या मागच्या ड्रममध्येच बेअरिंग बसवलेलं असतं. त्यामुळे आतले लायनर बघायचे तर मधला मोठा नट काढल्याशिवाय ड्रम हलत नाही. नटाला कॉटर पिन आणि या सगळ्यावर पत्र्याची एक टोपी, जिला पुस्तकात डस्ट कॅप म्हणतात. आकार लहान वाटीएवढा. तिला ना आटे, ना स्क्रू, ना कडी. कारखान्यात ठोकून बसवली की आपल्या ताणावर बसून राहते. धूळपाणी बाहेर आणि ग्रीस आत ठेवणं एवढंच तिचं काम. पण पुण्याचे पावसाळे काढले की टोपीची कड आणि ड्रम यांच्यामध्ये गंज शिरतो आणि दोघांची अशी काही सोयरीक जमते की आता वेगळं व्हायचं नाव नको. त्यात आधीच्या कुठल्याशा मेकॅनिकने ती घण घालून बसवलेली असते. म्हणजे काकांची गाडी, तिचं पासिंग आणि पर्यायाने काकांची अब्रू, हे सगळं त्या पत्र्याच्या तुकड्यापाशी अडकतं.

रविवारी सकाळी आठला काका पार्किंगमध्ये उतरतात. अंगात भोकांचं बनियन, खाली ऑफिसातून निवृत्त झालेली पँट. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागे जॅक, जॅकच्या शेजारी आधाराला घोडी. मग ते हँडब्रेक सोडतात. दूध घेऊन परतणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नेमके याच क्षणी थांबतात.

"अहो, हँडब्रेक ओढा की! गाडी पळेल."

काका याचीच वाट बघत असतात. "हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तो ओढला तर लायनर ड्रम धरून बसणार. मग ड्रम काढायला काय तुमचे आजोबा येणार?"

"पण मग गाडी..."

"पुढची चाकं ओढतात ना ही गाडी? तीच गिअरमध्ये अडकवलीत. शिवाय दगड आहेत. दूध तापवा जा, नासेल."

गृहस्थ जात नाहीत. कोणीच जात नाही. रविवारच्या सकाळी कोणीतरी काहीतरी उघडत बसलाय आणि ते उघडत नाहीये, याहून चांगली करमणूक मराठी माणसाला अजून सापडलेली नाही. बघता बघता चाकाभोवती कडं होतं. आयटीतला मुलगा मोबाइलवर व्हिडिओ लावतो. त्यात एक गोरा माणूस भलत्याच गाडीची टोपी अर्ध्या मिनिटात काढतो. माजी सेक्रेटरी म्हणतात, "मध्यभागी एक सणसणीत ठेवून द्या." कोणी सुचवतं गॅसची बत्ती, कोणी गरम पाणी. वॉचमन काही बोलत नाही. या सगळ्यांत गाडीच्या कामाची खरी माहिती असलेला तो एकटाच असतो.

प्रत्येक सूचनेवर काकांचं उत्तर तयार असतं. मध्यभागी मारायचं नाही, टोपी आत चेपते आणि नटाच्या टोकाला घासते. एकाच बाजूने उचकटायची नाही, ती लंबगोल होते आणि परत कधी नीट बसत नाही. भोक पाडून ओढायची नाही, त्या भोकातून पावसाळाभर पाणी आत जातं आणि बेअरिंग रडायला लागतं. बत्ती तर मुळीच नाही, आत ग्रीस आहे. अमुक करायचं नाही, तमुक करायचं नाही, हे सगळं सांगून झाल्यावर प्रेक्षकांतून कोणीतरी विचारतं, "मग करायचं काय?" काका म्हणतात, "थांबायचं." आणि कडेला गंज सोडवायचं तेल मारून ते खरोखरच थांबतात. चहा येतो.

चहानंतर मात्र बघावं असं काम असतं. काका बोथट छिन्नी घेतात. धारदार चालत नाही, ती पत्रा कापते. टोपीची दुमडलेली कड ड्रमला जिथे टेकते तिथे नखही जाणार नाही अशी फट असते. तिथे छिन्नीचं टोक टेकवून हातोडीचा एक हलका टोला. ड्रम हाताने पाव फेरा फिरवायचा. पुन्हा टोला. पुन्हा पाव फेरा. पहिले काही फेरे काहीच घडत नाही, फक्त ठण्ण ठण्ण आवाज वर पाचव्या मजल्यापर्यंत जातो. मग कडेवरून तांबूस भुगा गळतो. मग आवाज बसका होतो. इथे काका हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि कान लावून तोच टोला पुन्हा मारतात. बसका आवाज म्हणजे पकड सुटली. जवळून पाहिलं तर कडेखाली केसाएवढी काळी रेघ उमटलेली असते. आता वॉटरपंप प्लायरच्या मोठ्या जबड्यात टोपी अलगद धरायची, दाबायची नाही, आणि डावीउजवीकडे हलवत बाहेर आणायची.

मध्ये काकू दोनदा येऊन जातात. पहिल्यांदा पोहे गार होतायत हे सांगायला आणि दुसऱ्यांदा ओट्यावरची सांडशी शोधायला. ती काकांच्या पायाशी सापडते. ती तशीच उचलून त्या शांतपणे विचारतात, "गॅरेजात याचे किती घेतात?"

"प्रश्न पैशाचा नाहीये," काका म्हणतात. दहा वाजेपर्यंत प्रश्न पैशाचाच होता.

टोपी सुटते तेव्हा फारसं नाट्य घडत नाही. पुच्च असा आवाज येतो आणि ती काकांच्या हातात असते. आत काळं, जुनं, घट्ट झालेलं ग्रीस. टाळी कोणी वाजवत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे "मी म्हटलंच होतं" एवढं बोलून दूध घेऊन निघून जातात. काका कॉटर पिन सरळ करून ओढतात, ती फेकून नवी शेजारी काढून ठेवतात, नट सोडतात, आणखी तासभर झटून ड्रम काढतात. आतली काळी पूड फुंकून उडवू देत नाहीत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ओल्या फडक्याने पुसतात. मग चष्मा कपाळावर चढवून ते लायनर बघतात.

लायनर उत्तम असतात. निम्म्याहून जास्त शिल्लक. काहीही करायची गरज नसते.

अशा वेळी काकांचा चेहरा बघवत नाही. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. पण दिवसभराचं काम अकरा वाजता संपल्यावर माणसाने जायचं कुठे? शेवटी अजून एक मागचं चाक बाकी आहे, हे आठवून ते सावरतात. तोवर ग्रीस भरायचं, तेही बेअरिंगमध्ये, टोपीत कोंबायचं नाही. टोपी लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून सरळ करायची, कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं आणि कडेच्याच मापाचा पाइपचा तुकडा ठेवून सगळीकडून सारखी बसवायची. नवी टोपी नाना पेठेत मिळते आणि ती आणायला जायच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते. हे काकांना सांगून बघा. ते तुमच्याकडे मुलाकडे बघतात तसं बघतील.

मुलाकडे नवी एसयूव्ही आहे. तिचं बॉनेट उघडलं की खाली प्लास्टिकचं आणखी एक झाकण दिसतं, आणि चाकाचं बेअरिंग येतं ते सीलबंद हबसकट. बिघडलं की अख्खं बदला. "उघडायला काहीच नाही रे यात," असं म्हणत काकांनी तिला एकदा फेरी मारली आणि पुन्हा कधी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काका पैसे वाचवतात हा सोसायटीचा गैरसमज आहे. गॅरेजचं बिल आणि काकांचं तेल, ग्रीस, फडकी, चहा यांचा हिशेब मांडला तर गॅरेज जिंकेल. काकांना हवी असते ती एक अशी वस्तू, जी शेवटच्या नटापर्यंत आपल्याला समजलेली आहे. रोजच्या जगण्यातल्या अशा वस्तू आता भराभर कमी होत चालल्या आहेत.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतात म्हणून सर्वसाधारण सभेत त्यांच्याविरुद्ध ठराव आणू नका. बॅटरी धरायला बोलावलं तर जा, बॅटरी नीट धरा आणि सल्ला देऊ नका. पहाटे पाचला स्टेशन गाठायचं असताना तुमची नवी गाडी सुरू होणार नाही, त्या दिवशी कंपनीचा हेल्पलाइन नंबर तुम्हाला संगीत ऐकवेल आणि काका बनियनवर, जम्पर केबल खांद्यावर टाकून, न बोलावता खाली उतरतील.